लॅचच्या जुन्या फ्रिजसाठी सुटे भाग: कामाच्या नोंदी

८ ऑक्टोबर

फ्रिज १९५०च्या दशकातला. एकदारी, गोलसर कोपऱ्यांचा, दांडा ओढून उघडायचा. मागे कंडेन्सरची जाळी, तळाला हवाबंद डब्यातला कॉम्प्रेसर, वरच्या बाजूला अ‍ॅल्युमिनियमचा फ्रीजर बॉक्स. दाराचं रबर कडक होऊन भेगाळलंय. मेन वायरचं रबर हात लावला की भुगा होऊन पडतंय, त्यामुळे प्लग लावून बघण्याचा प्रश्नच नाही.

सर्वात आधी दाराचा लॅच निकामी केला. या काळातल्या फ्रिजचं दार आतून उघडत नाही. लपाछपी खेळताना आत शिरून गुदमरलेल्या मुलांमुळेच अमेरिकेत १९५६ साली कायदा झाला आणि १९५८च्या अखेरीपासून दार आतून उघडता येणं सक्तीचं झालं. काम महिनोन्‌महिने चालणार, फ्रिज उघड्यावर राहणार. लॅचची जीभ काढून पिशवीत घातली आणि पिशवीवर नाव लिहिलं.

पाट्या दोन सापडल्या. एक आत, भाजीच्या ट्रेमागे: मॉडेल, सिरियल, २३० व्होल्ट, थंड करणाऱ्या गॅसचं नाव 'फ्रिऑन १२' आणि वजन औंसात. दुसरी कॉम्प्रेसरच्या डब्यावर, रंगाच्या थराखाली. तिच्यावर कंपनीच वेगळी. पुढच्या शोधाशोधीत ही दुसरी पाटीच जास्त उपयोगी पडली. फ्रिजवर आपलं नाव लावणारे पुष्कळ होते, पण कॉम्प्रेसर बनवणारे मोजके.

पाटीवर गॅस बघणं टाळू नका. १९३०च्या आसपासच्या यंत्रांत सल्फर डायऑक्साइड किंवा मिथाइल क्लोराइड असायचा. दोन्ही विषारी. तुमच्या पाटीवर यातलं काही असेल तर या नोंदी तुमच्यासाठी नाहीत.

११ ऑक्टोबर

मेन वायर बदलली. जुनी दोन तारांची होती, अर्थिंग नव्हतंच. नवी तीन तारांची घेतली आणि हिरवी तार कॉम्प्रेसरच्या पायाशी, रंग खरवडून, दातेरी वॉशरखाली घट्ट बसवली. आतल्या तारांवर कापडी वेष्टण आहे, त्याखालचं रबर तसंच ठिसूळ. थर्मोस्टॅटपर्यंतच्या तारा नव्या ओढल्या. दिव्याच्या तारा इन्सुलेशनमधून जातात, म्हणून तूर्त दिवा तोडून ठेवला.

कॉम्प्रेसरच्या तीन पिनांवरचं रिले (मोटर सुरू करून देणारा स्विच) काढून मीटर लावला. आकडे १४, ३८ आणि ५२ ओहम. सर्वात मोठा आकडा बाकी दोघांची बेरीज असतो. ज्या दोन पिनांत तो मोठा आकडा येतो त्या स्टार्ट (मोटर सुरू करणाऱ्या वाइंडिंगची) आणि रन (चालवत ठेवणाऱ्या वाइंडिंगची), उरलेली कॉमन, दोघांची सामाईक. कॉमनपासून कमी ओहमची रन, जास्तीची स्टार्ट. बेरीज जुळली म्हणजे वाइंडिंग शाबूत. मग मेगर (इन्सुलेशन तपासणारा मीटर) लावून पिना आणि डबा यांच्यात कित्येक मेगाओहम आहेत हे पाहिलं. इथे आकडा पडला असता तर काम इथेच थांबवलं असतं.

१२ ऑक्टोबर

आजची चाचणी निर्णायक. एकही सुटा भाग शोधण्याआधी गॅस शिल्लक आहे का हे कळायला हवं. या यंत्रणेला गेज लावायला व्हॉल्व्ह नाही. नळीला भोक पाडणारा क्लॅम्प व्हॉल्व्ह मिळतो, पण सत्तर वर्षं न गळलेल्या नळीला तपासणीसाठी भोक पाडण्यात मला अर्थ दिसला नाही.

थर्मोस्टॅटच्या दोन तारा एकमेकींना जोडल्या आणि चालू केलं. कॉम्प्रेसर गुणगुणला, काही सेकंदांत ओव्हरलोड (जास्त करंट आला की वीज तोडणारा स्विच) टिक करून तुटला. म्हणजे दोन बिघाड: थर्मोस्टॅट जोडत नाही आणि रिले स्टार्ट वाइंडिंगला वीज देत नाही. मग रिले बाजूला ठेवून कॉमन आणि रनला थेट वीज, आणि स्टार्टला पुशबटणातून क्षणभर. बटण दाबलं, कॉम्प्रेसर फिरला, लगेच सोडलं. (बटण दोन-तीन सेकंदांच्या वर दाबून ठेवलं तर स्टार्ट वाइंडिंग जळतं. उघड्या पिनांवर मेनची वीज असते, तेव्हा हे काम सवय असलेल्यानेच करावं.) क्लॅम्प मीटरवर चालू झाल्यावर १.३ अँपिअर.

तासाभराने फ्रीजर बॉक्सवर सगळीकडे सारखा पांढरा थर. हेच हवं होतं. गॅस कमी असता तर नळी जिथून आत येते तेवढाच भाग पांढरा झाला असता आणि बाकी नुसता गार. कंडेन्सर वरून गरम, खाली कोमट. जोडांवर तेलाचे डाग नाहीत.

गॅस गेला असता तर मी पुढे गेलो नसतो. आर-१२चं (पाटीवरचा 'फ्रिऑन १२' तोच) उत्पादन विकसित देशांत १९९५ अखेर थांबलं, बाकी जगात २०१०मध्ये. त्याच्या जागी आर-१३४ए भरायचा तर तो जुन्या मिनरल तेलात मिसळत नाही, म्हणजे तेलही बदला, फिल्टरही बदला, कॅपिलरीचा (गॅसचा प्रवाह रोखणाऱ्या बारीक नळीचा) हिशेबही परत करा. शिवाय उरलेला आर-१२ हवेत सोडणं म्हणजे ओझोनला तर मार आहेच, वजनागणिक कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे १०,००० पट तापवणारा वायू सोडणं आहे. तो गोळा करायला यंत्र लागतं. ते वेगळं काम आणि वेगळी माणसं.

आता यादी: रिले, ओव्हरलोड, थर्मोस्टॅट, दाराचं रबर, ब्रेकर स्ट्रिपचे (आतला डबा आणि बॉडी यांमधली फट झाकणाऱ्या पट्टीचे) कोपरे, तुटलेला दांडा, बिजागरीचे बुश, कॉम्प्रेसरखालचे रबरी पाय.

२० ऑक्टोबर

मॉडेल नंबर टाकून शोधण्यात आठवडा गेला. हाती फक्त जाहिरातींची जुनी चित्रं आली. 'अमक्या फ्रिजचं गॅस्केट, म्हणजे दाराचं रबर, आहे का' असं विचारलं की दुकानदार, गाडीच्या सुट्या भागांसाठी विचारतात तसं, वर्ष विचारतो आणि मान हलवतो.

आजपासून पद्धत बदलली. प्रत्येक भाग काढायचा, कॅलिपरने मोजायचा, तो करतो काय ते एका ओळीत लिहायचं आणि त्या मापाची वस्तू शोधायची. बिजागरीचा बुश म्हणजे आतून ८, बाहेरून १२, उंची १० मिलिमीटरचा नायलॉनचा तुकडा. तो फ्रिजच्या दुकानात मिळत नाही, बेअरिंगच्या दुकानात मिळतो. कॉम्प्रेसरखालचे पाय म्हणजे मधे खाच असलेले रबरी ग्रोमेट. तेही असेच दुसऱ्या कामाच्या दुकानातून आले. दोन्ही प्रश्न दोन दिवसांत मिटले.

२ नोव्हेंबर

रिले. जुनं रिले करंट कॉइलचं आहे. रन वाइंडिंगची वीज कॉइलमधून जाते. सुरुवातीला मोटर अडलेली असताना करंट कित्येक पट असतो, त्या जोराने आतला दांडा वर उचलला जातो आणि स्टार्टचे पॉइंट जुळतात. मोटरने वेग घेतला की करंट उतरतो, दांडा स्वतःच्या वजनाने खाली येतो, पॉइंट सुटतात. म्हणून हे रिले उभंच बसवावं लागतं, त्यावर बाण असतो. टेबलावर आडवं ठेवून मीटर लावला तर चांगलं रिलेही बिघडलेलं दिसतं.

माझ्या रिलेचे पॉइंट जळून खड्डे पडलेत आणि बॅकेलाइटला उभी चीर आहे. पॉइंट पॉलिश पेपरने घासून एकदा चालवून पाहिलं. सहाव्या-सातव्या चालूला पुन्हा अडकलं. घासलेल्या पॉइंटवर चांदीचा थर उरत नाही, तेव्हा ते टिकणार नव्हतंच.

नवं रिले 'एक अष्टमांश ते एक षष्ठांश अश्वशक्ती' असं लिहिलेलं मिळालं. माझा कॉम्प्रेसर एक अष्टमांशचा. बसवलं, गुणगुण, ओव्हरलोड टिक. कॉइल मोठ्या मोटरची निघाली. माझ्या मोटरचा सुरुवातीचा करंट तिचा दांडा उचलायला पुरत नाही. उलट चूक जास्त महागात जाते: कॉइल फार हलकी असेल तर चालू मोटरच्या करंटवरही दांडा वरच राहतो, स्टार्ट वाइंडिंग तापत राहतं आणि कॉम्प्रेसर कायमचा जातो. हलकं रिले 'चालतंय' म्हणून खूश होऊ नये. क्लॅम्प मीटर स्टार्टच्या तारेवर लावून एक-दोन सेकंदांत शून्य येतं का, हे पाहावं.

९ नोव्हेंबर

रिले परत केलं, पोस्टाचा खर्च बुडाला. आता दोन वाटा होत्या. कॉम्प्रेसर कंपनीच्या जुन्या तक्त्यातून नेमक्या पिक-अप करंटचं (ज्या करंटला दांडा उचलला जातो त्या आकड्याचं) रिले शोधायचं, किंवा पीटीसी लावायचं. पीटीसी म्हणजे तापलं की विरोध वाढणारी चकती. थंड असताना काही ओहम, वीज मिळताच तापते आणि स्टार्टची वाट जवळजवळ बंद करते. हलणारा भाग नाही, उभं-आडवं नाही, अश्वशक्तीचंही फार सोवळं नाही. माझ्या कॉम्प्रेसरला स्टार्ट कपॅसिटर नाही, म्हणून हे चाललं. तुमच्या यंत्राला मुळात कपॅसिटर असेल तर साधं पीटीसी पुरणार नाही. आणि तो जुना कपॅसिटर फुगलेला किंवा तेलकट असेल तर उघड्या हाताने धरू नका. १९७९च्या आधीच्या तेलाच्या कपॅसिटरमध्ये पीसीबी हे विषारी रसायन असू शकतं.

पीटीसी लावलं. पहिल्या झटक्यात चालू. खोट एकच: चकती थंड व्हायला काही मिनिटं लागतात. वीज क्षणभर जाऊन आली तर मोटर अडते आणि ओव्हरलोड तोडतो. म्हणून ओव्हरलोड त्याच अँपिअरचा नवा घेतला, जुन्यावर भरवसा ठेवला नाही, आणि प्लगवर उशिराने वीज सोडणारं टायमर लावलं. दिसायला हे सगळं १९५०चं नाही, पण ते फ्रिजच्या मागे आहे.

१६ नोव्हेंबर

थर्मोस्टॅट. जुन्याच्या कॅपिलरीत, म्हणजे तापमान ओळखणाऱ्या बारीक नळीत, गॅस उरलेला नाही. नळीतला दाब गेला की थर्मोस्टॅटला फ्रिज कायम गारच वाटतो, त्यामुळे तो कधीच जोडत नाही.

मापं घेतली: खुंटीचा व्यास ६ मिलिमीटर, एका बाजूने सपाट; बसवायला दोन स्क्रू; कॅपिलरी सुमारे ९० सेंटिमीटर. या मापाचा एक सहज मिळाला, खोक्यावर 'एकदारी फ्रिजसाठी'. बसला सुबक. फ्रिज चालू झाला, बंद झाला, आणि परत चालू व्हायला इतका वेळ लावू लागला की बर्फाच्या ट्रेमधलं पाणी अर्धवटच गोठे. कॅपिलरीजवळ थर्मामीटर बांधून बसलो. बॉक्स मायनस १८ला बंद, आणि चालू थेट अधिक ४ला.

तो बिघडलेला नव्हता. प्रत्येक फेरीत बर्फ आपोआप वितळावा अशा फ्रिजसाठी बनवलेल्या जातीचा होता: चालू होण्याचं तापमान ठरलेलं आणि शून्याच्या वर. माझा फ्रिज हाताने बर्फ काढायचा आहे. त्याला चालू होण्याचं तापमानही शून्याच्या बरंच खाली लागतं. म्हणून थर्मोस्टॅट घेताना बंद आणि चालू दोन्ही आकडे मागा. फक्त बंदचा सांगणाऱ्याकडून घेऊ नका.

२३ नोव्हेंबर

दुसरा थर्मोस्टॅट: मधल्या आकड्यावर बंद मायनस १८, चालू मायनस ९ च्या आसपास. पण लावल्यावर मायनस ११लाच बंद होऊ लागला. दुकानदाराचं म्हणणं, बदलून घ्या. न बदलता कॅपिलरी पूर्ण निरखली. उरलेल्या लांबीचं वेटोळं मधेच बॉक्सच्या सर्वात गार कोपऱ्याला टेकत होतं. या नळीत वाफ असते आणि ती ज्या जागी सर्वात गार असेल तिथलंच तापमान थर्मोस्टॅटला कळवते, टोक कुठेही बांधा. मधल्या भागावर पातळ प्लास्टिकची नळी चढवली, वेटोळं मोकळ्या हवेत सैल ठेवलं, आणि शेवटचे १५ सेंटिमीटर मूळच्या पट्टीखाली बॉक्सला चिकटून दाबले. मायनस १८. कॅपिलरी वळवताना बोटाभोवती वळवावी, पकड लावू नये.

७ डिसेंबर

दाराचं रबर. सगळ्यात जास्त वेळ आणि पैसा इथेच गेला.

मूळ रबर पोकळ फुग्याच्या आकाराचं, चुंबक नसलेलं. लॅच दार ओढून धरतो आणि फुगा दाबला जातो. आजची गॅस्केटं चुंबकाची. बॉडी लोखंडी आहे, मग चुंबकाचं का नको, हे मलाही वाटलं होतं. पण आजच्या गॅस्केटची पाठ खाचेत ठोकून बसते आणि इथे खाच नाही. इथे रबराची पाळी लोखंडी पट्टीखाली स्क्रूने दाबलेली असते. शिवाय दार आणि बॉडी यांतली फट सगळीकडे सारखी नाही, आणि चुंबकाला सपाट टेकायला जागा लागते.

फट मोजायला प्लास्टिसिनच्या गोळ्या ठिकठिकाणी ठेवून लॅच बसवला, दार लावलं, उघडून गोळ्यांची जाडी मोजली. बिजागरीकडे ९ मिलिमीटर, वर १०, लॅचकडे १२, खालच्या कोपऱ्यात १४. जुन्या रबराची उंची मोजण्यात अर्थ नसतो, ते दबून बसलेलं असतं.

मीटरवर मिळणाऱ्या ईपीडीएम रबरातून पाळीसकट १८ मिलिमीटर उंच फुग्याचा आकार निवडला. बसवलं, तर लॅच लागेना. जोर लावला तर दार मधे वाकून कोपरे उघडे पडले. फुगा पोकळ होता पण भिंत जाड, घट्ट रबराची. हाच आकार मऊ, पातळ भिंतीत मागवला, १६ उंचीचा; यायला दोन आठवडे लागणार. पहिला तुकडा वाया गेला.

२१ डिसेंबर

मऊ रबर आलं. बसवण्याचा क्रम लिहून ठेवतो, कारण कुठेच धड सापडला नाही.

पट्टीचे स्क्रू गंजलेले. आदल्या रात्री तेल सोडलं, सकाळी स्क्रूड्रायव्हर बसवून वरून हलका हातोडा मारला, मग फिरवले. दोन तुटले, ते ड्रिल करून काढले. रबर आदल्या दिवशी उलगडून गरम खोलीत ठेवलं. कोपरे ४५ अंशांत नव्या ब्लेडने कापले आणि सायनोअ‍ॅक्रिलेट गोंदाने जोडले. हे दारावर नाही, टेबलावर, काटकोनाच्या लाकडी तुकड्यात धरून. पूर्ण चौकट तयार झाल्यावर पाळी पट्टीखाली सरकवली आणि स्क्रू अर्धेच आवळले.

अर्धेच का, तर या दारांची ताठरता आतल्या पॅनेलमधून येते. स्क्रू सैल असताना दार हाताने पिळता येतं. माझं खालच्या कोपऱ्यात बाहेर आलेलं होतं. दार लावलं, तो कोपरा गुडघ्याने आत दाबला, दुसऱ्या माणसाने उघड्या वरच्या बाजूचे स्क्रू आवळले. दार उघडायचं, आवळायचं, लावून पाहायचं, हे संध्याकाळपर्यंत चाललं. १४ची फट ११वर आली.

तपासणी: आत पेटता टॉर्च ठेवून अंधारात बाहेरून पाहिलं. लॅचकडे खाली एक रेघ दिसली. लॅचची खुंटी दोन वॉशर काढून आत घेतली, रेघ गेली. मग कागदाची पट्टी दारात धरून वीतभर अंतराने ओढून पाहिली. सगळीकडे अडकते.

२८ डिसेंबर

सुटे भाग काढून घ्यायला जोड फ्रिज मिळाला. बॅज वेगळा, रंग वेगळा, पण आतल्या पाटीवरच्या मॉडेल नंबराचे पहिले चार आकडे तेच आणि बिजागऱ्या तंतोतंत. भंगारात निघालेला, गॅस गेलेला. दांडा, एक जाळी, फ्रीजर बॉक्सची झडप आणि ब्रेकर स्ट्रिपचे दोन कोपरे मिळाले. दांडा जस्ताच्या ओतकामाचा असतो. तो वेल्डिंगला दाद देत नाही, आणि माझ्या तुटलेल्या दांड्याला एपॉक्सीने जोडण्याचे सगळे प्रकार लॅचच्या ओढीपुढे टिकले नव्हते. या एका भागासाठीही जोड फ्रिज घेणं परवडलं.

ब्रेकर स्ट्रिप म्हणजे आतला डबा आणि बाहेरची बॉडी यांच्यामधली फट झाकणारी प्लास्टिकची पट्टी. ती नसेल तर दमट हवा काचलोकरीत शिरते, लोकर भिजते आणि फ्रिज दिवसभर चालत राहतो. थंडीत ओढली की तुकडे होतात. गरम पाण्यात पिळलेलं फडकं पाच मिनिटं दाबून ठेवलं की मऊ होऊन अख्खी निघते. उरलेले दोन कोपरे थ्रीडी प्रिंटरवर पीईटीजी प्लास्टिकमध्ये काढून घेतले, मोजमाप जोड फ्रिजच्या कोपऱ्यावरून. पट्टी निघालेलीच होती, तेव्हा दिव्याची वायरही आजच बदलून घेतली. लोकर हाताळताना मास्क आणि हातमोजे. बॉडीला घासकाम केलेलं नाही, जुन्या रंगात शिसं असण्याची शक्यता धरून फक्त धुतली.

११ जानेवारी

सलग चालवलं. मधल्या रॅकवर पाण्याचा ग्लास, त्यात थर्मामीटर, रात्रभर. सकाळी ४ अंश. कॉम्प्रेसर साधारण एक तृतीयांश वेळ चालतो. चालताना १.२ अँपिअर. बंद होताना डबा थडथडायचा, तो जोड फ्रिजच्या स्प्रिंगा लावल्यावर थांबला. जुन्या स्प्रिंगांतली एक बाकीच्यांपेक्षा ४ मिलिमीटर बसकी होती.

आठ दिवसांत फ्रीजर बॉक्सवर ५ मिलिमीटर बर्फ. तो फ्रिज बंद करून, गरम पाण्याचं भांडं आत ठेवून काढला. टोकदार वस्तूने खरवडला तर अ‍ॅल्युमिनियमला भोक पडतं आणि १२ ऑक्टोबरच्या नोंदीत लिहिलेलं सगळं गळ्यात येतं.

१८ जानेवारी

लॅचची जीभ मागे नेणारी स्प्रिंग अजून मिळालेली नाही. जोड फ्रिजमधलीही तुटलेली निघाली. सध्या बदली स्प्रिंग आहे, पण तिने दार आदळल्याशिवाय लागत नाही, आणि आदळलं की नव्या रबराचे कोपरे उसवतील. वापर नसेल तेव्हा जीभ काढून ठेवतो. हवी असलेली स्प्रिंग: दाबाची, ओढीची नव्हे, बाहेरचा व्यास ८ मिलिमीटर, तार १ मिलिमीटर, मोकळी लांबी ३२, दोन्ही टोकं घासून सपाट. स्टेनलेस असल्यास उत्तम.